बिननावांचं सुतक

एका राज्यात मेघध्वज नावाचा राजा होता. राजा तसा चांगला होता हो, प्रजेला छळत नव्हता, देवाधर्माला चुकत नव्हता. पण त्याला एक चुलतभाऊ होता. चुलतभाऊ असला म्हणजे चांगुलपणा कुठवर पुरणार? शेजारच्या राज्यावर हा चुलतभाऊ, राजा वज्रसेन, राज्य करी. दोघांच्या मध्ये एक डोंगर. त्यावर ना गवताची काडी, ना पाण्याचा थेंब, म्हणून लोक त्याला टकल्या म्हणत. त्या टकल्यावरून दोन्ही घराणी सात पिढ्या भांडत होती.

आता भांडत होती म्हणजे कशी, तेही ऐका. त्या घराण्यात एक दंडक होता. लढाईत शिपाई पडला की राजाने त्याचं सुतक धरायचं, सख्ख्या भावाचं धरावं तसं, पुरते दहा दिवस. मुकुट खाली, पाय अनवाणी, निजायला घोंगडी, जेवणात फोडणी नाही, आणि लढाईच्या नगाऱ्यावर कांबळं टाकलेलं. एकाचं सुतक दुसऱ्यात मिसळायचं नाही. तिघे पडले तर दहा, दहा आणि दहा. बरं, दोन्ही राजे एकाच गोत्राचे, म्हणून इकडच्याचं सुतक तिकडेही लागे. मग काय! सकाळी लढाई जुंपावी, दुपारपर्यंत दोन्हीकडचे मिळून चार-पाच गडी पडावेत, की पुढे पन्नास दिवस सगळं चिडीचूप. सुतक फिटेपर्यंत पेरणी यायची. शिपाई आपापल्या रानात जायचे आणि टकल्या तिथेच उन्हात बसून राहायचा.

मेघध्वजाच्या फौजेत हैबती नाईक नावाचा एक शिपाई होता. हाताखाली दहा गडी. रोज दिवस मावळायच्या आत तो दहा जणांची नावं पुकारी आणि प्रत्येक जण "जी" म्हणे. दहा वेळा "जी" ऐकल्याशिवाय हैबतीच्या घशाखाली घास उतरत नसे. माणूस सरळ, हुशारीच्या वाटेला न जाणारा. डोक्यात दोन गोष्टी एकदम शिरल्या की त्याचा गोंधळ उडे, आणि गोंधळ उडाला की तो मुंडाशाचा शेव, म्हणजे सुटं टोक, चघळी.

एके दिवशी हैबती दरबाराच्या दारावर पहाऱ्याला असताना करालदत्त नावाचा जादूगार राजाच्या भेटीला आला. पुढचं बोलणं हैबतीने आपल्या कानांनी ऐकलं. समजलं नाही, ही गोष्ट वेगळी.

जादूगार म्हणाला, "महाराज, टकल्या हवा का?"

"हवा."

"मग मिळत का नाही?"

"सुतक आड येतं."

"सुतक कशाने लागतं?"

राजाने राजगुरूंकडे पाहिलं. राजगुरू म्हणाले, "मेल्याचं नाव कानावर पडल्याने लागतं. नाव ऐकलं नाही, तर सुतक नाही."

"तर मग मी तुम्हाला बिननावाची फौज देतो," जादूगार म्हणाला. "ज्याला यायचं त्याने आपलं नाव माझ्या रांजणात टाकावं आणि लाकडी मुखवटा चढवावा. त्याच्या घरच्या उंबऱ्यावर दर पुनवेला सकाळी जोंधळ्याचं एक पोतं आपोआप येईल. तो पडला तर तुम्हाला सुतक नाही, रडणं नाही, खोळंबा नाही."

म्हातारे प्रधान म्हणाले, "आणि अशा माणसांनी काही वावगं केलं तर?"

"ज्याला नाव नाही, त्याच्या करणीला धनी नाही. कोणी जाब मागायचा नाही, कोणी द्यायचा नाही. तसा करारच आहे."

"तुम्हाला काय हवं?"

"फार नाही. लढाई चालेल तितके दिवस नगाऱ्याची टिपरी माझ्या हाती."

राजाला हसू फुटलं. एवढीशी टिपरी! त्याने ती तिथल्या तिथे देऊन टाकली. दारावरचा हैबती मात्र शेव चघळत विचार करत राहिला, की माणूस मेला आणि नाव नाही, तर मेलं कोण? आणि कोणीच मेलं नाही, तर लढाई कसली? डोकं दुखायला लागलं तेव्हा त्याने तो नाद सोडला.

हैबतीला एक धाकटा भाऊ होता, सुभान. राजाच्या फौजेत घरटी एकच माणूस घेत, दुसऱ्याने घर सांभाळायचं. सुभानची लहानपणापासून तलवारीवर नजर. एकदा तो म्हणाला होता, "दादा, तू वीस वर्षं केलंस. आता तू नांगर धर, मी जातो." हैबती म्हणाला, "तुझं काम नव्हे ते." एवढंच म्हणाला, पण ज्या सुरात म्हणाला तो सूर भावाला लागला. जादूगाराचा रांजण वेशीबाहेरच्या चिंचेखाली मांडला गेला, तेव्हा पहिल्या दिवशीच्या रांगेत सुभान होता. मुखवटा चढवला, कमरेला हिरवा पट्टा बांधला, आणि गर्दीत मिसळून गेला. हैबती धावत पोचला तेव्हा समोर शंभर मुखवटे होते आणि शंभरही सारखे. त्याने "सुभान!" अशी हाक मारली. एकानेही मान वळवली नाही.

लढाई सुरू झाली. ती संपेचना. एक पावसाळा गेला, दोन गेले, सात गेले! इकडे मेघध्वजाने बिननावी फौज आणली, हे कळताच तिकडे वज्रसेनानेही आणली. तिच्या कमरेला लाल पट्टे. कुठून आणली, हे कोणी विचारलं नाही. आणि राजाच्या खऱ्या शिपायांना हुकूम काय, तर मागे उभे राहा आणि मरू नका, सुतक लागेल! हैबतीचे दहा गडी सात वर्षं मागे उभे राहिले. नगारा वाजला की पुढे व्हायचं की मागे, हे कळेना. सेनापती म्हणे थांबा, नगारा म्हणे चला, आणि मुखवटेवाले दोघांचंही न ऐकता तिसरीकडेच जात. कधी लाल पट्टेवाले मागच्या फळीपर्यंत घुसत. अशा वेळी हैबतीला तलवार चालवावी लागे. सात वर्षांत त्याने आठ लाल पट्टेवाले लोळवले.

एकदा एका गावचा पाटील त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "नाईक, तुमच्या माणसांनी तिघांना आमच्या विहिरीत लोटलं आणि विहीर बुजवली."

"पाटील, ती आमची माणसं नव्हेत."

"हिरवे पट्टे होते."

"हिरवे असले तरी आमची नव्हेत. आमच्यात विहिरीला हात लावायची बंदी आहे."

"मग कोणाची माणसं ती?"

हैबती पाटलाला राजाकडे घेऊन गेला. राजाने जादूगाराकडे बोट दाखवलं. जादूगाराने कराराकडे दाखवलं. पाटील आल्या वाटेने परत गेला, आणि त्या रात्री हैबतीने ताटावर बसून भाकरी नुसती कुस्करली.

सातव्या वर्षी पुनवेला हैबती घरी गेला. उंबऱ्यावर जोंधळ्याचं पोतं येऊन पडलेलं होतं. सुभानची बायको ठकू दारात उभी होती. कपाळावर कुंकू होतं, पण असं पुसट, की लावलंय म्हणावं की पुसलंय, कळू नये.

ती म्हणाली, "भाऊजी, जोंधळा येतो. निरोप येत नाही."

"जोंधळा येतोय म्हणजे..."

"म्हणजे काही नाही. पल्याडच्या गावात एका बाईचा धनी स्वतः तिच्या दिराने डोळ्यांदेखत पडलेला पाहिला. हाताला सहा बोटं होती म्हणून ओळखला. तिच्या दारात अजून पोतं येतं. मेल्या-जित्याचा त्याला काय भेद! भाऊजी, मला एवढंच सांगा, मी कुंकू लावू की पुसू? सात वर्षं मी ना सवाशीण, ना विधवा. कोणी हळदीकुंकवाला बोलवत नाही, कोणी डोळे पुसायला येत नाही."

हैबती जेवलाही नाही. तसाच उठला आणि म्हणाला, "विचारून येतो."

कोणाला विचारणार होता, देव जाणे! तो चालत टकल्याच्या पायथ्याशी आला. सात वर्षांत तिथे एक नवल झालं होतं: टिटव्या फार वाढल्या होत्या. आभाळ भरून टिटव्या. त्यातली एक दगडावर बसली होती. ती म्हणाली, "नाईक, शोधतोस कोणाला?"

"माझ्या भावाला. तू कोण?"

"मी बिननावी फौजेतली. लाल पट्ट्याची होते, मेले. आमच्यातला जो मरतो तो टिटवी होतो. सुतक नाही, म्हणून सुटका नाही."

"मग सुभान तुमच्यात आहे का?"

"आम्हाला नावं नाहीत, नाईक. मला माझं ठाऊक नाही, तर त्याचं कसं असेल? नावं रांजणात आहेत, आणि रांजण या टकल्याच्या पोटात आहे. जादूगाराचा गड आतच आहे. वाटेत तीन दरवाजे, ते बोलतात. चल, दाखवते."

डोंगराच्या पोटात गड! ज्यासाठी दोन राजे भांडत होते, त्याच्यात तिसराच राहत होता. हैबतीला हेही नीट कळलं नाही, पण तो टिटवीच्या मागे गेला.

पहिला दरवाजा दगडाचा. तो म्हणाला, "तू कोणाचा?"

"राजा मेघध्वजाचा."

दरवाजा हलला नाही. टिटवी म्हणाली, "हा खऱ्यालाच उघडतो."

हैबती बुचकळ्यात पडला. शिपाई राजाचा, पण हुकूम नगाऱ्याचा, नगारा जादूगाराचा, मग शिपाई कोणाचा? "सेनापतीचा," तो म्हणाला. दरवाजा गप्प. "नगाऱ्याचा?" दरवाजा गप्प. हैबतीने शेव चघळून चघळून ओला केला. शेवटी कपाळाला हात मारून म्हणाला, "अरे, मला ठाऊक नाही! वीस वर्षं ठाऊक होतं, सात वर्षं ठाऊक नाही." तेव्हा दरवाजा उघडला.

दुसरा दरवाजा लोखंडाचा. तो म्हणाला, "कितींना मारलंस?"

"आठ."

"कोणाचे होते?"

"वज्रसेनाचे. लाल पट्ट्याचे."

"त्यांतल्या एकाचा पट्टा आण. बघून सांग."

हैबती परत रणात आला. ज्या घळीत त्याने परवाच एकाला लोळवलं होतं, तिथे तो मुखवटेवाला पडलेला होता. हैबतीने आधी मुखवटा उचलला. खाली चेहरा नव्हता; पाट्यासारखं सपाट, ना नाक ना डोळे. नाव गेलं की चेहराही जातो. त्याने पट्टा सोडला आणि ओढ्यात धुतला. लाल रंग निघाला, खाली हिरवा. हिरवा निघाला, खाली लाल. पुन्हा हिरवा. नव्याकोऱ्या कपड्यांचा ढीग धुवावा तसा रंग निघतच राहिला, आणि ओढा काळा झाला. जादूगाराचीच माणसं इकडे, जादूगाराचीच तिकडे. आज हिरवी, उद्या लाल. म्हणजे सुभान हिरव्या पट्ट्यात गेला, हे खरं. पण कुठल्या दिवशी कुठल्या पट्ट्यात असेल, याचा काय नेम! आठ मारले. त्या आठांतला एक... हैबतीने पुढचा विचार केला नाही. करवेचना. त्याच्या तोंडून गुरासारखा आवाज निघाला.

तो दरवाज्यापुढे येऊन म्हणाला, "कोणाचे होते, सांगता येत नाही." दरवाजा उघडला.

तिसरा दरवाजा लाकडाचा, साधा, गोठ्याला असतो तसा. तो म्हणाला, "नाव इथे ठेव आणि आत जा."

हैबती टिटवीला म्हणाला, "मला विसर पडेल. तू आठवण करून दे. म्हण, सुभान."

"मला कोणाचंच नाव उच्चारता येत नाही, नाईक. येतं तर मी टिटवी कशाला झाले असते?"

आता काय करावं? आपण बाजाराला जाताना करतो तेच त्याने केलं: मुंडाशाच्या शेवाला गाठ मारली. गाठ दिसली की आठवेल, भावाचं नाव शोधायचंय. मग तो म्हणाला, "हैबती," आणि ते नाव चिंचोक्यासारखं टपकन त्याच्या तळहातावर पडलं. दरवाज्याने ते गिळलं, ते गडगडत आत रांजणात गेलं, आणि दार उघडलं.

आत एक रांजण होता, कमरेएवढा. तो काठोकाठ चिंचोक्यांनी भरलेला, आणि एकूणएक चिंचोका आपापलं नाव पुटपुटत होता. आत आलेल्या माणसाने शेवाची गाठ पाहिली. काहीतरी आठवायचं होतं खास. पण काय? मीठ आणायचं होतं का? कोणाला निरोप द्यायचा होता का? त्याने रांजणात हात घातला, एक चिंचोका उचलला, ठेवला, दुसरा उचलला, ठेवला. यातलं आपलं कोणतं? घरचं कोणतं? सगळेच कोमट, सगळेच कोणाचे तरी. मग तो मनात म्हणाला, आपलं कोणतं ते कळत नाही, तर सगळीच नेलेली बरी. त्याने रांजणाला मिठी मारली आणि तो पाठीवर घेतला.

दाराशी करालदत्त उभा होता. दोन्ही हातांत टिपऱ्या, आणि पुढ्यात दोन नगारे, एक मेघध्वजाचा, एक वज्रसेनाचा. दोन्ही तोच वाजवत होता.

"कोण तू?" तो ओरडला.

"ठाऊक नाही."

"कोणी पाठवलं?"

"आठवत नाही."

"दरवाज्यांनो, अडवा याला!"

तिसरा दरवाजा म्हणाला, "याला नाव नाही. ज्याला नाव नाही, त्याच्या करणीला धनी नाही. जाब मागायचा नाही, हा करार तुमचाच." दुसरा म्हणाला, "तुमचाच." पहिलाही तेच म्हणाला. जादूगाराला स्वतःच्या हाताने धरावं, तर टिपऱ्या खाली ठेवाव्या लागत. ठेवल्या की लढाई थांबणार. लढाई थांबली की टिपरीवरचा हक्क संपणार. तो नाचला, थयथयला, तोंडाला येईल ते बोलला, पण वाजवायचा थांबला नाही. रांजण घेऊन माणूस निघून गेला.

दोन फौजांच्या मधोमध येऊन त्याने रांजण उतरवला आणि टेकला. घाम पुसला. पुढे काय करायचं, त्याला ठाऊक नव्हतं. पण दिवस मावळतीला लागला होता, आणि वीस वर्षांची सवय नावाबरोबर जात नाही. त्याने आपसूक एक चिंचोका उचलला आणि खड्या आवाजात पुकारलं, "बहिरू!"

हिरव्या पट्ट्यांच्या गर्दीतला एक जण दचकला. "जी!" त्याचा मुखवटा गळून पडला, आणि आत चेहरा होता, देवीचे वण असलेला, चांगला चाळिशीतला. तो आपल्याच गालांना हात लावून रडायला लागला.

"सिदू!"

आभाळातून एक टिटवी म्हणाली, "जी."

त्याच क्षणी आपापल्या तंबूत दोन्ही राजांच्या कानांवर ते नाव पडलं. दोघांचे मुकुट घरंगळून खाली आले. पायांतले जोडे आपोआप निघाले. सुतक लागलं होतं.

"लाडजी!" माणूस म्हणाला, "जी." "हणगोजी!" टिटवी म्हणाली, "जी." सुतकात नगारा वाजत नाही. जादूगार जीव तोडून टिपऱ्या हाणत होता, आणि नगारे मुके! फौजा खाली बसल्या. तीन दिवस तो माणूस नावं पुकारत राहिला. कोणी पाणी दिलं की प्यायचा, पुन्हा पुकारायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक चिंचोका उचलला आणि म्हणाला, "सुभान!"

वरून एक टिटवी म्हणाली, "जी."

त्याने तो चिंचोका बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला.

तिसऱ्या दिवशी रांजणाच्या तळाशी एकच उरला. "हैबती!" त्याने पुकारलं. कोणी बोलेना. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं. पुन्हा दरडावून पुकारलं, "हैबती!" आणि त्याच्याच तोंडून आलं, "जी."

झालं! सगळं एकदम परत आलं. कोण, कुठला, कशाला आला, गाठ कशाची. आणि काल दुपारी कोणतं नाव घेतलं आणि उत्तर कुठून आलं, तेही. हैबती जमिनीवर डोकं आपटून रडला. मग वर तोंड करून त्याने हाक मारली, "सुभान, खाली ये रे!"

एक टिटवी त्याच्यापुढे उतरली. "दादा."

"तुला कोणी मारलं?"

"मुखवट्याची भोकं लहान असतात, दादा. काही दिसत नाही."

"मी आठ मारले, सुभान."

टिटवीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. "मला खरंच दिसलं नाही," ती म्हणाली. "दादा, तू एकट्याने सुतक धरून मी सुटणार नाही. ज्याच्यासाठी गेलो त्याने दारी येऊन नाव घ्यायला हवं." आणि ती उडाली.

तोवर टकल्याच्या पोटातला गड खचला होता. गूळ पाण्यात विरघळावा तसा आख्खा डोंगर जादूगारासकट बसला, आणि मागे सपाट रान उरलं. सात पिढ्यांचं भांडण, आणि भांडायला उंचवटासुद्धा राहिला नाही! जिवंत होते ते आपापले पट्टे फेकून घरी गेले. त्या पुनवेला कोणाच्याच उंबऱ्यावर पोतं आलं नाही.

हैबती घरी आला. ठकूने तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. आत गेली, बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं. मग सात वर्षांचं रडणं ती एका दिवसात रडली. शेजारणी धावून आल्या, भाकऱ्या घेऊन आल्या. आता येता येत होतं. तिसऱ्या दिवशी हैबती म्हणाला, "ठकू, एक सांगायचंय. मी आठ मुखवटेवाले मारले. त्यात तो होता की नव्हता, मला ठाऊक नाही. कधी कळणारही नाही."

ठकूने हातातलं सूप खाली ठेवलं. "हे मला नका सांगू, भाऊजी," ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला सांगा."

इकडे दोन्ही राजे अनवाणी निघाले होते. इकडचा इकडे, तिकडचा तिकडे, घरोघर. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, मेल्याचं नाव घ्यायचं, दहा दिवस त्याच्या अंगणात घोंगडीवर निजायचं, मग पुढचं घर. वर्ष उलटून गेल्यावर मेघध्वज ठकूच्या दारी आला. दाढी छातीपर्यंत, टाचांना भेगा. छपराच्या आढ्यावर एक टिटवी येऊन बसली होती.

ठकू उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "कोणाच्या सुतकाला आलात?"

"तुझ्या धन्याच्या."

"नाव?"

राजा गोंधळला. एवढी नावं कानांवर पडलेली! "भिकाजी," तो म्हणाला.

"नव्हे."

"नागू?"

"नव्हे."

मागून प्रधान कुजबुजायला पुढे झाले. ठकूने हात वर केला. "तुम्ही नका सांगू."

राजाने तिसरं नाव घेतलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला ठाऊक नाही. माझ्यासाठी मेला, आणि मला ठाऊक नाही. तू सांग."

मग ठकूने सांगितलं. धनी बेडकाला भ्यायचे. कारलं पानात वाढलं तर रुसायचे. पुढचा एक दात पडका होता, म्हणून हसताना तोंडावर हात घ्यायचे. गोठ्याचा नवा खांब त्यांनी उभा केला आणि त्यावर आढं चढवायचं राहून गेलं. तलवारीचा सोस होता, पण कोंबडी कापायची म्हटलं की शेजाऱ्याला बोलवायचे. "बेडकाला भिणारा माणूस तुम्ही नेलात, महाराज. सुभान त्यांचं नाव."

राजा म्हणाला, "सुभान."

आढ्यावरची टिटवी म्हणाली, "जी." एवढंच. उडाली, आणि दिसेनाशी झाली.

तेव्हा हैबती पुढे झाला. "महाराज, मीही तुमचाच शिपाई. मी आठ मारले. कोण होते, कोणाचे होते, मला ठाऊक नाही. करारात म्हटलं होतं, त्यांच्या करणीला धनी नाही, त्यांच्या मरणालाही नाही. मग ते आठ कोणाच्या माथी?"

प्रधानांनी खाली पाहिलं. राजाने मात्र हैबतीकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या," तो म्हणाला. "विहिरीतले तिघेही."

ठकू उंबऱ्यातून बाजूला झाली. आत जाऊन तिने घोंगडी आणली आणि अंगणात अंथरली. तांब्याभर पाणी राजापुढे ठेवलं, तसाच दुसरा तांब्या हैबतीपुढे ठेवला. वर्षभरात ती दिराला स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच पाणी देत होती.

तेव्हापासून त्या राज्यात जो लढायला जातो तो नावासकट जातो. पण जातो कधी? मेघध्वज म्हातारा होऊन मेला तरी त्याच्यामागे सुतकं उरलीच होती, ती त्याच्या मुलाने धरली, आता नातू धरतो आहे. लढाईला मोकळा असा दिवसच सापडत नाही. तो नातू आजही कोणाच्या तरी अंगणात घोंगडीवर बसलेला असेल, आणि घरची बाई त्याला आपल्या माणसाची गोष्ट सांगत असेल. ती संपेपर्यंत त्याला उठता येत नाही. आपली संपली, आपण उठावं.